दयेचे दार आणि अपिलाचे दार

फौजदारी खटल्यात न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली की न्यायाचे काम संपले, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वर्तमानपत्रातील बातमीही सहसा तेथेच संपते. पुढे त्या माणसाने अपील केले काय, वरच्या न्यायालयाने शिक्षा कायम केली की कमी केली, तुरुंगाऐवजी दुसरा काही मार्ग सुचविला काय, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. वस्तुतः एखाद्या देशाच्या न्यायव्यवस्थेची खरी पारख शिक्षा ठोठावली गेल्यानंतरच्या काळात होते. आपल्या हातून चूक झाली असेल, निदान शिक्षेचे माप चुकले असेल, तर ती चूक दुरुस्त करण्याची सोय न्यायसंस्थेने स्वतःच करून ठेवली आहे की नाही, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी पुणेकरांना फार दूर जाण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळकांच्या चरित्रातच त्याचे उत्तर सापडते. स्वातंत्र्यलढ्याचे नेते, 'केसरी'चे संपादक, 'गीतारहस्या'चे कर्ते म्हणून आपण टिळकांना ओळखतो. परंतु फौजदारी कायद्याशी त्यांचा जेवढा दीर्घ आणि विविध संबंध आला तेवढा त्या काळातील फारच थोड्या सार्वजनिक पुरुषांचा आला असेल. ते स्वतः कायद्याचे पदवीधर होते. १८८२ ते १९१६ या चौतीस वर्षांत पाच वेळा त्यांना आरोपीच्या नात्याने न्यायासनापुढे उभे राहावे लागले, आणि पाचही वेळा शिक्षेनंतरची कहाणी निराळी घडली. एकदा चांगल्या वर्तणुकीबद्दल थोडे दिवस सुटले. एकदा सरकारने अटी घालून सोडले. एकदा वरच्या न्यायालयाने शिक्षाच रद्द केली. एकदा सर्व दारे बंद झाली आणि फक्त शिक्षेचा प्रकार बदलला. आणि अखेरच्या वेळी उच्च न्यायालयाने हमीचा हुकूम पुसून टाकला. माणूस तोच होता, राज्यही तेच होते. फरक पडला तो फेरविचाराचा मार्ग खुला होता की नव्हता, यामुळे.

डोंगरीचे एकशे एक दिवस

पहिला प्रसंग कोल्हापूर प्रकरणाचा. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याच्या वार्तांनी त्या वेळी महाराष्ट्र अस्वस्थ झाला होता. 'केसरी' आणि 'मराठा' या नुकत्याच सुरू झालेल्या पत्रांनी संस्थानचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर कडक टीका केली. ज्या पत्रांच्या आधारे ती टीका झाली होती ती पत्रे बनावट असल्याचे पुढे उघड झाले. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तथापि बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद मागे घेतली नाही. खटला चालू असताना दोघांना जामीन हवा होता. तो महात्मा फुले यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा दिला. मतभेदांच्या भिंती ओलांडून दिलेला तो जामीन पुण्याच्या सामाजिक इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे.

१७ जुलै १८८२ रोजी दोघांनाही चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. आपला सव्विसावा वाढदिवस टिळकांनी डोंगरीच्या तुरुंगात पाहिला. चांगल्या वर्तणुकीबद्दल काही दिवसांची सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले, आणि आगरकरांच्या पुस्तकामुळे ते एकशे एक दिवस मराठी वाङ्मयात कायमचे राहिले. या प्रकरणात वृत्तपत्राकडून चूक झाली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चूक मान्य करणाऱ्या, दिलगिरी सांगणाऱ्या, पंचविशी-सव्विशीतील दोन शिक्षकांना तुरुंगात पाठवून समाजाचे कोणते हित साधले, हा प्रश्न मात्र उरतो. अपराध सिद्ध झाला तरी शिक्षा तुरुंगाचीच असली पाहिजे काय, असे विचारण्याची पद्धत त्या काळी नव्हती. दंड किंवा कैद, एवढ्या दोनच मापांनी अब्रुनुकसानीचा अपराध मोजला जाई.

अटींची सुटका

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. १८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि प्लेगच्या बंदोबस्ताने लोक त्याहून अधिक हैराण झाले होते. त्या वर्षीच्या २२ जूनच्या रात्री रँड आणि आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता प्रसिद्ध झाली होती. सरकारने त्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. प्रारंभी जामीन नाकारला गेला, पुढे न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. त्या वेळी टिळकांच्या वतीने जामिनासाठी युक्तिवाद करणाऱ्या वकिलांचे नाव दिनशा दावर असे होते. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

मुंबईच्या उच्च न्यायालयात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे आणि नऊ जणांच्या ज्यूरीपुढे खटला चालला. सहा युरोपीय सभासदांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष मानले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. न्यायाधीशांनी ज्यूरीला राजद्रोहाचा अर्थ समजावून सांगताना अप्रीती या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा लावला, आणि त्यावर कायदेपंडितांत मोठा वाद माजला. असा वाद असताना वरच्या न्यायालयाने त्याचा निकाल लावावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पण येथेच कायद्याची एक चमत्कारिक रचना आड आली. जिल्ह्याच्या ठिकाणी दंडाधिकाऱ्याने शिक्षा केली तर सत्र न्यायालयाकडे आणि तेथून उच्च न्यायालयाकडे जाता येई. परंतु उच्च न्यायालयानेच आपल्या मूळ अधिकारात ज्यूरीसह खटला चालवून शिक्षा केली, तर त्या निर्णयावर खऱ्या अर्थाने अपील नव्हते. कायद्याच्या मुद्द्यावर पूर्ण पीठाकडे जाण्याची किंवा प्रिव्ही कौन्सिलची परवानगी मागण्याची अरुंद वाट तेवढी होती. टिळकांनी दोन्हीकडे प्रयत्न केला. मुंबईच्या पूर्ण पीठाने परवानगी नाकारली. लंडनला ॲस्क्विथ यांच्यासारखा नामांकित वकील उभा राहिला, तरी नोव्हेंबरात प्रिव्ही कौन्सिलनेही नकार दिला. सर्वांत मोठ्या न्यायालयात खटला चालला म्हणून आरोपीला सर्वांत कमी संरक्षण मिळाले, असा हा विपरीत प्रकार होता.

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर उरले ते दयेचे दार. डोंगरी, भायखळा आणि येरवडा अशा तुरुंगांतून टिळकांचा प्रवास झाला. काथ्या कुटण्यासारखी कामे आणि तुरुंगातील निकस अन्न यांमुळे त्यांची प्रकृती खालावली. इकडे 'ओरायन' या ग्रंथामुळे त्यांची विद्वत्ता युरोपात माहीत झाली होती. ऋग्वेदाचे संपादक माक्स म्युलर, सर विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त अशा मंडळींनी सह्या करून सरकारकडे अर्ज पाठविला. त्याचा परिणाम झाला आणि ६ सप्टेंबर १८९८ च्या रात्री, शिक्षेचे सुमारे सहा महिने बाकी असताना, टिळकांची सुटका झाली. सुटकेला अटी होत्या. सत्कार-समारंभांना आणि मिरवणुकांना त्यांनी हजर राहू नये, आणि पुन्हा राजद्रोहाचा अपराध शाबीत झाल्यास उरलेले सहा महिने भोगावे लागतील, अशा त्या अटी होत्या.

ही सुटका स्वागतार्ह होती यात शंका नाही. पण तिचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. सरकारने अपराध मागे घेतला नाही, शिक्षा चुकीची होती असे म्हटले नाही, अप्रीतीच्या अर्थाचा वाद सोडविला नाही. उलट त्याच वर्षी राजद्रोहाचे कलम दुरुस्त करून ते अधिक व्यापक करण्यात आले. दया दाखविणाऱ्याला कारणे द्यावी लागत नाहीत, आणि तो मागेल त्या अटी मान्य कराव्या लागतात. शिवाय या अर्जाला वजन आले ते सही करणाऱ्यांच्या नावांमुळे. येरवड्याच्या त्याच भिंतींआड त्या वर्षी जे शेकडो सामान्य कैदी होते, त्यांच्यासाठी सही करायला कोणी माक्स म्युलर नव्हता.

योगायोग असा की, ज्या १८९८ साली टिळक सुटले त्याच वर्षी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली, आणि तीत पहिल्यांदाच अपराध करणाऱ्याला काही किरकोळ गुन्ह्यांत तुरुंगात न पाठविता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची तरतूद होती. तुरुंगाला पर्याय असू शकतो हा विचार त्या काळीही अज्ञात नव्हता, एवढे यावरून दिसते. तो फार थोड्यांच्या वाट्याला येत होता, इतकेच.

येरवड्याच्या वाटेवरून परत

तिसरा प्रसंग ताईमहाराज प्रकरणाचा. टिळकांचे स्नेही, पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ च्या ऑगस्टमध्ये वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रान्वये इतरांबरोबर टिळकही इस्टेटीचे विश्वस्त झाले. बाबामहाराजांची तरुण विधवा ताईमहाराज हिने १९०१ साली औरंगाबादेस एक मुलगा दत्तक घेतला, आणि थोड्याच दिवसांत ते दत्तविधान नाकारून कोल्हापूरच्या दुसऱ्या मुलाला दत्तक घेतले. या घरगुती तंट्यात पुण्याचे जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी टिळकांच्या सचोटीवरच ठपका ठेवला आणि त्यांच्यावर फौजदारी खटला भरविण्याची शिफारस केली. खोटी साक्ष देण्यापासून अनेक आरोप ठेवले गेले. राजद्रोहाच्या शिक्षेने माणसाची लोकांतली पत कमी होत नाही, कित्येकदा वाढते. विधवेच्या इस्टेटीत लबाडी केल्याच्या आरोपाने मात्र ती मुळापासून उखडली जाते. टिळकांच्या आयुष्यातील हा सर्वांत जीवघेणा खटला होता असे म्हणावे लागेल.

विशेष दंडाधिकारी क्लेमंट्स यांनी २४ ऑगस्ट १९०३ रोजी शपथेवर खोटी साक्ष दिल्याबद्दल टिळकांना अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. पण हा खटला पुण्यात दंडाधिकाऱ्यापुढे चालला होता. त्यामुळे १८९७ साली जे दार नव्हते ते या वेळी होते. अपील सत्र न्यायाधीश ल्यूकस यांच्यापुढे गेले. त्यांनी १९०४ च्या जानेवारीत अपराध कायम ठेवला, पण शिक्षा सहा महिन्यांवर आणली. त्या दिवशी टिळकांना हातकड्या घालून येरवड्याला नेण्यात आले. काही दिवसांतच उच्च न्यायालयाने त्यांना जामिनावर सोडले, आणि मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या पीठाने पुरावा बारकाईने तपासून शिक्षा सपशेल रद्द केली. औरंगाबादच्या दत्तविधानाबद्दल टिळकांनी सांगितलेली हकीकत विश्वसनीय आहे, असा निर्वाळा त्या निकालाने दिला.

या दोन पायऱ्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. सत्र न्यायाधीशांनी अठराचे सहा महिने केले तेव्हा वरवर पाहता आरोपीला मोठा दिलासा मिळाला होता. एखाद्याने तेवढ्यावर समाधान मानले असते. शिक्षा कमी झाली पण कलंक राहिला, हे टिळकांना पुरते ठाऊक होते. शिक्षेचे माप कमी करणे आणि शिक्षेचा आधारच तपासणे ही फेरविचाराची दोन निराळी कामे आहेत, आणि चांगल्या न्यायव्यवस्थेत या दोन्हींची सोय असावी लागते. १८९८ च्या सुटकेत टिळकांना अटी मान्य कराव्या लागल्या होत्या. १९०४ च्या सुटकेला एकही अट नव्हती. पहिली सरकारने दिलेली होती, दुसरी न्यायालयाने मान्य केलेली होती.

वरचे न्यायालयही चुकते, हेही याच प्रकरणाने दाखविले. दत्तकाच्या दिवाणी दाव्यात पुण्याच्या न्यायालयाने टिळकांच्या बाजूने निकाल दिला होता. टिळक मंडालेला असताना, १९१० साली, मुंबई उच्च न्यायालयाने तो फिरविला. आणि १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून पुन्हा टिळकांच्या बाजूने कौल दिला. इस्टेटीच्या दाव्याला सातासमुद्रापलीकडे तिसरी पायरी होती. माणसाच्या सहा वर्षांच्या आयुष्याला मात्र ती नव्हती, हे लगेच दिसून येते.

मंडाले

चौथा प्रसंग सर्वांना परिचित आहे, म्हणून त्याचा विस्तार करण्याचे कारण नाही. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त आलेल्या लेखांबद्दल २४ जून १९०८ रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. जामिनाचा अर्ज महंमद अली जीना यांनी चालविला. तो ज्यांच्यापुढे आला ते न्यायाधीश म्हणजे दिनशा दावर. अकरा वर्षांपूर्वी ज्या आरोपीसाठी त्यांनी वकील म्हणून जामीन मिळविला होता, त्याच आरोपीला त्यांनी न्यायाधीश म्हणून जामीन नाकारला. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. ज्यूरीतील सात युरोपीयांनी दोषी आणि दोघा पारशी सभासदांनी निर्दोष असा कौल दिला. २२ जुलैच्या रात्री, बावन्नावा वाढदिवस काही तासांवर आला असताना, सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची आणि एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली गेली. दोन आरोपांसाठी तीन तीन वर्षे, आणि ती एकापाठोपाठ एक भोगावयाची, असा तो हिशेब होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवून या हिशेबाचे उत्तर दिले.

या वेळीही खटला उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारात चालला होता, म्हणून अपिलाचे दार पुन्हा बंद. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याची परवानगी मुंबईत नाकारली गेली. लंडनमध्ये दादासाहेब खापर्डे यांनी केलेली खटपटही निष्फळ ठरली. यातील विसंगती पुढील तपशिलावरून ध्यानात येईल. खुद्द इंग्लंडमध्येही फौजदारी अपिलाचे स्वतंत्र न्यायालय फार उशिरा, १९०७ च्या कायद्याने स्थापन झाले आणि एप्रिल १९०८ पासून तेथील दोषी ठरलेल्या माणसाला आपल्या शिक्षेविरुद्धही दाद मागता येऊ लागली. तीन महिन्यांनी मुंबईत दोषी ठरलेल्या टिळकांना तो हक्क नव्हता. त्या वेळी इंग्लंडचे पंतप्रधान होते ॲस्क्विथ, म्हणजे १८९७ साली टिळकांसाठी प्रिव्ही कौन्सिलपुढे उभे राहिलेले तेच वकील.

सरकारने काळ्या पाण्याऐवजी साधी कैद दिली आणि सप्टेंबरात टिळकांना ब्रह्मदेशात मंडालेला पाठविले. सक्तमजुरी नव्हती, पुस्तके मिळत होती, स्वयंपाकाला एक मराठी कैदी दिला होता. त्या सवलतीतूनच १९१०-११ च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' लिहिले गेले. शिक्षेच्या प्रकारात केलेल्या बदलाचे महत्त्व म्हणूनच कमी लेखता येत नाही. मधुमेहाने ग्रासलेला पन्नाशी उलटलेला माणूस अंदमानात जगला असता की नाही, कोण सांगणार! परंतु हा बदल कागदोपत्री हुकूम काढून सरकारने केला. त्यात न्यायालयाचा विचार नव्हता. अटी मान्य केल्यास मुदतीपूर्वी सुटका होण्याची शक्यता पुढे सुचविण्यात आली तेव्हा टिळकांनी ती नाकारली. सार्वजनिक आयुष्य सोडून मिळालेली मोकळीक त्यांना तुरुंगाहून निराळी वाटली नाही. १९१२ च्या जूनमध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. ती वार्ता त्यांना मंडालेतच मिळाली. १६ जून १९१४ च्या मध्यरात्री त्यांना गायकवाडवाड्याच्या दारात आणून सोडण्यात आले.

एकदा दिलेली शिक्षा पुढच्या शिक्षांचे माप बनते, हेही या खटल्याने दाखविले. १९२२ साली अहमदाबादेस न्या. ब्रूमफील्ड यांनी गांधीजींना शिक्षा देताना टिळकांच्या खटल्याचाच दाखला घेतला आणि सहा वर्षांची साधी कैद दिली. सरकारने पुढे मुदत कमी केल्यास आपल्याला आनंदच होईल, असेही त्यांनी नमूद केले. माप जड आहे हे जाणणाऱ्या न्यायाधीशालाही ते बदलण्यासाठी सरकारकडे बोट दाखवावे लागले. गांधीजी येरवड्यात होते. १९२४ च्या जानेवारीत ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्यांची सुटका झाली. माणूस मरणाच्या दारी पोचल्यावर दयेला जाग आली, एवढाच याचा अर्थ.

चाळीस हजारांची हमी

पाचवा प्रसंग १९१६ चा. होमरूलच्या प्रचारासाठी टिळकांनी बेळगाव आणि अहमदनगर येथे भाषणे केली. त्यांच्या एकसष्टीचा समारंभ पुण्यात चालू असतानाच नोटीस आली. या वेळी सरकारने तुरुंगाचा मार्ग घेतला नाही. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि दहा दहा हजारांचे दोन जामीनदार देण्याचा हुकूम १२ ऑगस्ट रोजी केला. वरवर पाहता हा सौम्य उपाय होता. पण वर्षभर तोंड उघडताना चाळीस हजार रुपयांची टांगती तलवार डोक्यावर राहणार होती. तुरुंगाबाहेरची शिक्षाही जाचक असू शकते, आणि तिचाही फेरविचार व्हावा लागतो, हे येथे विसरून चालणार नाही.

दंडाधिकाऱ्याचा हुकूम असल्यामुळे उच्च न्यायालयाकडे जाण्याची वाट होती. जीना पुन्हा टिळकांच्या बाजूने उभे राहिले. न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हुकूम रद्द केला. भाषणांतील सुटी वाक्ये न घेता त्यांचा एकूण आशय पाहिला पाहिजे, आणि स्वराज्याची मागणी करणे हा काही गुन्हा होत नाही, असा त्या निकालाचा इत्यर्थ होता. ज्या न्यायालयाने आठ वर्षांपूर्वी टिळकांना मंडालेला पाठविले होते, त्याच न्यायालयाने हा निकाल दिला. न्यायसंस्था स्वतःला दुरुस्त करू शकते, हे यावरून सिद्ध होते. मात्र त्यासाठी तिच्यापुढे प्रश्न नेण्याचा मार्ग उपलब्ध असावा लागतो.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारातील फौजदारी निकालांवर अपिलाची रीतसर तरतूद संहितेत आली ती १९४३ साली. टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९५६ मध्ये, मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या त्याच दालनात टिळकांच्या स्मरणार्थ शिलालेखाचे अनावरण केले आणि त्यांना झालेल्या शिक्षांबद्दल न्यायासनाच्या वतीने खेद व्यक्त केला. फेरविचाराचा तो शेवटचा अंक. आरोपी जाऊन छत्तीस वर्षे झाली होती.

आजचा प्रश्न

टिळक थोर होते आणि राजकीय कैदी होते. चोऱ्यामाऱ्या करणाऱ्यांना त्यांचा दाखला कशाला, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आक्षेप वरवर रास्त दिसतो. पण टिळकांच्या चरित्रातून निघणारा धडा नेमका सामान्य माणसासाठी आहे. टिळकांना कायदा येत होता, पैसा उभा करणारे मित्र होते, विलायतेत सही करणारे पंडित होते, आणि तरीही दार बंद होते तेव्हा त्यांचा निरुपाय झाला. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, त्याला हक्काच्या अपिलाखेरीज आधार कोणता?

कायद्यात आज पुष्कळ सोयी आहेत. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर अपराध्याला सोडता येते. एकवीस वर्षांखालील तरुणांना शक्यतो तुरुंगात पाठवू नये, पाठविल्यास कारणे नोंदवावीत, असे तो कायदा सांगतो. असा हुकूम अपिलात किंवा पुनरीक्षणात वरचे न्यायालयही करू शकते, ही त्यातील फार मोलाची गोष्ट. १९७८ साली महाराष्ट्रातील एका कैद्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकालाची प्रत वेळेवर व विनामूल्य मिळणे आणि गरजूला अपिलासाठी वकील मिळणे हा हक्क मानला. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने काही किरकोळ अपराधांसाठी सामुदायिक सेवा ही शिक्षा प्रथमच दिली, आणि त्या अपराधांत अब्रुनुकसानीचा समावेश आहे. ज्या कारणासाठी टिळक-आगरकर डोंगरीला गेले, त्यासाठी आजचे न्यायालय तुरुंगाऐवजी समाजाच्या उपयोगाचे काम सांगू शकते. एकशे बेचाळीस वर्षांनी का होईना, ते तिसरे माप कायद्यात आले.

परंतु कायद्यातली सोय आणि कैद्याच्या पदरात पडणारी सोय यांत फार अंतर असते. २०२२ अखेरच्या सरकारी आकड्यांनुसार देशातील तुरुंगांत दर चार माणसांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा अपराध अजून शाबीत व्हावयाचा होता असे. ज्यांना शिक्षा झाली आहे त्यांच्यापैकी अनेकांचे अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षेचा मोठा भाग भोगून झालेला असतो. परिवीक्षेचा अर्ज करावयाचा असतो हेच कित्येकांना माहीत नसते. आरोपीच्या घरची, वयाची, परिस्थितीची चौकशी करून अहवाल देणारा परिवीक्षा अधिकारी वेळेवर उपलब्ध झाला नाही, तर न्यायाधीशाला तुरुंगाखेरीज दुसरा मार्ग सुचणेही अवघड होते. उशिरा उघडणारे दार आणि बंद दार यांत येरवड्यातल्या माणसाला फारसा फरक जाणवत नाही.

फेरविचार म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणे नव्हे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे दुःख हलके लेखून कोणतीही न्यायव्यवस्था टिकणार नाही, आणि गंभीर अपराधाला कठोर शिक्षा राहणारच. पण ती कठोर शिक्षा योग्य माणसाला, योग्य मापाने झाली आहे, याची खात्री दुसऱ्या डोळ्यांनी करून घेतल्यावरच समाजाला तिच्याविषयी निश्चिंत राहता येते. क्लेमंट्स यांच्या न्यायालयातच ताईमहाराज प्रकरणाचा शेवट झाला असता, तर लोकमान्य ही पदवी आज कोणत्या अर्थाने उच्चारली गेली असती, याचा क्षणभर विचार करावा. एका उघड्या दारामुळे महाराष्ट्राचा इतिहास वाचला. तेवढेच उघडे दार, ज्याचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही अशा कैद्यालाही वेळेवर सापडावे, हे पाहणे आपले काम आहे.